इंग्लंडमधल्या पबात १५-२० जणांचं वाढदिवसाचं जेवण कसं जमवायचं

नवऱ्याचा चाळिसावा वाढदिवस होता, सासू-सासरे सांगलीहून आले होते, आमचे मराठी फ्रेंड्स, त्याच्या ऑफिसमधले तिघं आणि शेजारचं इंग्लिश जोडपं असे सगळे धरून १७ जण होत होते. घरात एवढी माणसं बसणार नाहीत आणि हॉल घ्यायचा तर भाडं, केटरिंग, आवराआवर सगळं आलंच. म्हणून गावातल्या पबात जेवण ठेवलं. त्यानंतर दोन-तीनदा दुसऱ्यांसाठीही अशी जेवणं जमवलीत, आणि इकडे नवीन आलेलं कुणी ना कुणी मला हेच विचारत असतं, त्यामुळे एकदाच सगळं लिहून काढते.

सगळ्यात आधी डोक्यात एक गोष्ट पक्की करा. पब म्हणजे आपल्याकडचं हॉटेल नाही, की जाऊन बसलो, वेटर आला, त्याला सांगितलं की दादा जरा बघा हो आमच्याकडे, आणि त्याने सगळं सांभाळून घेतलं. इथे बऱ्याच ठिकाणी आपणच उठून बारवर जायचं, टेबल नंबर सांगायचा, ऑर्डर द्यायची आणि तिथेच पैसे भरायचे. वेदरस्पूनसारख्या साखळीत अ‍ॅपवरून टेबल नंबर टाकून मागवता येतं, पण प्रकार तोच. माणसं खूप चांगली असतात, मदत करतात, पण जे आधी विचारलेलं नाही ते त्या दिवशी ऐनवेळी होत नाही, कारण किचनमध्ये दोन-तीनच माणसं असतात आणि शनिवारी रात्री ती आधीच दमलेली असतात. त्यामुळे खरं काम जेवणाच्या दिवशीचं नसतंच, ते आधीच्या दोन आठवड्यांचं असतं.

पब निवडताना

सगळ्या पबात जेवण मिळत नाही. काही नुसते पिण्याचे असतात, तिथे फार तर शेंगदाणे आणि क्रिस्प्स (आपले वेफर्स). म्हणून आधी वेबसाइटवर मेनू आहे का बघा आणि मेनूच्या खाली किचनच्या वेळा बघा. पब रात्री ११ पर्यंत उघडा असला तरी किचन ९ लाच बंद होतं असं खूप ठिकाणी आहे, आणि खेड्यातल्या पबात दुपारी ३ ते ५-६ किचन बंदच असतं. रविवारी तर अजून वेगळं, दुपारी रोस्ट (भाजलेलं मांस, बटाटे, भाज्या असं जेवण) असतं आणि संध्याकाळी लवकर आवरतात. आपले लोक ७ ची वेळ दिली की पावणेआठला येतात, मग बसणं, भेटणं, फोटो, आणि ऑर्डर द्यायला जावं तर किचन बंद व्हायला आलेलं. त्यामुळे आपल्या मंडळींना साडेसहा सांगा आणि टेबल सातचं घ्या.

दुसरं, त्या दिवशी पबात काय आहे ते विचारा. आम्ही एकदा मैत्रिणीच्या वाढदिवसाला अशाच एका पबात टेबल घेतलं आणि गेल्यावर कळलं की ती त्यांची क्विझ नाइट आहे. माइकवर प्रश्न चालू, आम्ही बोललो की शेजारच्या टेबलचे लोक वळून बघायचे, कारण त्यांना प्रश्न ऐकू येत नव्हता, आणि त्यांचंही बरोबरच होतं. तेव्हापासून फोनवर माझा पहिला प्रश्न हाच असतो की त्या रात्री क्विझ, लाइव्ह म्युझिक किंवा मोठी मॅच आहे का. इंग्लंडची मॅच असेल तर तारीखच बदला.

आई-बाबा सोबत असतील तर अजून दोन गोष्टी. पबात कुत्री चालतात, मालकाच्या पायाशी निवांत बसलेली असतात, पण ज्यांना भीती वाटते त्यांचं सगळं लक्ष तिकडेच राहतं. बहुतेक ठिकाणी एखादा भाग कुत्र्यांशिवायचा असतो, तो मागून घ्या. आणि टेबल बागेत नको. आत धूम्रपानाला १ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये बंदी आहे, पण बागेत लोक ओढतात, दम्याचा त्रास असेल तर तिथे बसवत नाही. हो, आणि उंच स्टूलवाली टेबलं नकोत हेही सांगा, गुडघेदुखीवाल्या माणसाला त्यावर चढवणं म्हणजे शिक्षा.

घरातल्या मोठ्यांना इथलं जेवण अगदीच मिळमिळीत वाटणार असेल आणि तुम्ही बर्मिंगहॅमच्या बाजूला असाल, तर स्मेदिक आणि वेस्ट ब्रॉमिचकडचे देसी पब बघाच. पंजाबी मालकांनी चालवलेले, बारवर बिअरचा पाइंट आणि समोर सिझलरवर धूर काढत येणारी मिक्स ग्रिल. याच स्मेदिकमध्ये १९६०च्या दशकात काही पबांमध्ये आपल्या लोकांना आणि काळ्या लोकांना आत बसू देत नसत, इंडियन वर्कर्स असोसिएशन या इथल्या भारतीय कामगारांच्या संघटनेने त्याविरुद्ध लढा दिला, फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारे माल्कम एक्स स्वतः तिथे येऊन गेले, आणि त्याच वर्षीच्या रेस रिलेशन्स अ‍ॅक्टने सार्वजनिक जागांमधला असा भेदभाव बेकायदा ठरवला. आज तिथे बसून आपण कोथिंबीर घातलेले कबाब खातो तेव्हा मला हे आठवल्याशिवाय राहत नाही.

फोन आणि मग ईमेल

१०-१२ च्या वर माणसं असतील तर ऑनलाइन बुकिंग बहुतेक घेतच नाही, फोन करा. दोन-तीन आठवडे आधी. डिसेंबरमध्ये असेल तर त्याहून खूप आधी, कारण तेव्हा ऑफिसांच्या ख्रिसमस पार्ट्या असतात आणि मेनूही वेगळाच असतो. फोनवर विचारायचं ते हे: सगळे एका लांब टेबलवर बसतील की दोन टेबलं होतील, मागची खोली मिळेल का आणि तिचं वेगळं भाडं किंवा कमीत कमी खर्चाची अट आहे का, मुलं किती वाजेपर्यंत चालतात (बऱ्याच ठिकाणी ८ किंवा ९ नंतर मुलांना थांबू देत नाहीत), हाय चेअर किती आहेत, डिपॉझिट किती आणि माणसं कमी झाली तर ते परत मिळतं का. हे सगळं बोलून झालं की त्याच दिवशी एक ईमेल टाका, आपलं असं असं ठरलं म्हणून. फोनवर ज्याच्याशी बोललात तो त्या रात्री ड्युटीवर असेलच असं नाही, आणि ईमेल असला की नवीन माणूसही काढून बघतो.

डिपॉझिट माणशी ५-१० पाउंड मागतात. ते तुम्ही भरून टाका पण त्याआधी पैशांचं ठरवा, आणि इथे मला जरा सविस्तर सांगायचंय कारण सगळ्यात जास्त अवघडलेपण इथेच येतं.

आपल्याकडे वाढदिवसाला बोलावलं म्हणजे जेवण बोलावणाऱ्याचं. त्यात विचारायचंही काही नसतं. इंग्लिश लोकांमध्ये पबात वाढदिवसाला बोलावलं की बहुतेक जण आपापलं जेवण आपण भरतात आणि ज्याचा वाढदिवस आहे त्याचं सगळे मिळून भरतात. आता तुमच्या टेबलवर दोन्ही प्रकारची माणसं आहेत. काहीच सांगितलं नाही तर शेवटी एक जण कार्ड काढून उभा, दुसरा म्हणतोय अरे ठेव ठेव, तिसरा हळूच नवऱ्याला विचारतोय की आपण द्यायचेत का. त्यापेक्षा आमंत्रणाच्या मेसेजमध्येच एक ओळ लिहा. आम्ही लिहिलं होतं, जेवण आमच्याकडून, ड्रिंक्स आपापली, गिफ्ट आणू नका. इंग्लिश मंडळींना तसंच इंग्लिशमध्ये. कुणालाही वाईट वाटलं नाही, उलट शेजारीण म्हणाली की बरं झालं सांगितलंस. पबात मेन कोर्स साधारण १५ ते २० पाउंडांना पडतो, त्यात स्टार्टर-डेझर्ट धरलं तर १७ जणांचं किती होतं ते आधीच मोजा, आणि झेपत नसेल तर ज्याने त्याने आपापलं द्यायचं असं स्पष्ट लिहा, त्यात काही कमीपणा नाही.

प्री-ऑर्डर, म्हणजे निम्मी लढाई

मोठ्या ग्रुपला पब आधी ऑर्डर मागतात, साधारण तीन-चार दिवस आधी. त्यांनी नाही मागितली तरी तुम्ही द्या. मेनूचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून प्रत्येकाकडून स्टार्टर, मेन, डेझर्ट नावासकट घ्या आणि एका शीटमध्ये भरा. मग काय होतं ना, त्या रात्री निम्म्या लोकांना आपण काय मागवलं होतं तेच आठवत नाही. प्लेट आली की तिघं हात वर करतात, फिश अँड चिप्स माझं, आणि ज्याचं खरंच होतं त्याच्यासमोर मशरूमचं काहीतरी. म्हणून छोट्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या करा, पुढे नाव आणि मागे त्याने मागवलेले पदार्थ, आणि प्रत्येकाच्या जागेवर ठेवा. बसायची व्यवस्थाही त्यातच होते, आणि प्लेट घेऊन येणारी मुलगी चिठ्ठी बघून बरोबर ठेवते.

शाकाहारी मंडळींसाठी जरा नीट वाचा. मेनूवर व्ही असेल म्हणजे मांस-मासे नाहीत, पण अंडं असू शकतं. व्हीई असेल म्हणजे व्हीगन, त्यात अंडं, दूध काहीच नाही. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, अंडं खात नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी सरळ व्हीई बघितलं. यॉर्कशायर पुडिंग नाव गोड वाटतं पण ते गोड नसतं, रोस्टबरोबर येणारी मैदा, दूध आणि अंड्याची फुगलेली वाटी असते. ग्रेव्ही बहुतेक वेळा मांसाच्या रसाची, व्हेज ग्रेव्ही वेगळी मागायची. साधे चिप्सही (इथे चिप्स म्हणजे फ्रेंच फ्राइज) ज्या तेलात मासे तळले त्याच तेलात तळलेले असू शकतात, काही ठिकाणी तर गायीच्या चरबीत. हे मला आमच्या बुकिंगच्या वेळी सहज विचारलं म्हणून कळलं, आणि मग किचनने आईंना भाजलेला बटाटा दिला, वर बटर आणि बीन्स, तो त्यांनी आवडीने खाल्ला. वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे मासे असतात, पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, आणि मुलांच्या जेलीत जिलेटिन, तेही प्राण्यांपासूनच बनवलेलं. कांदा-लसूण न खाणारं कुणी असेल तर पबात फार अवघड आहे, त्यांच्यासाठी काय करू शकाल असं किचनलाच ईमेलमधून विचारा.

मांसाहारी लोकांनी पण बघून घ्या. नुसतं बर्गर लिहिलं असेल तर ते बीफ. गॅमन, चोरिझो, ब्लॅक पुडिंग, पिग्ज इन ब्लँकेट्स हे सगळं डुकराचं, यातलं ब्लॅक पुडिंग तर रक्ताचं. स्टेक अँड एल पायमध्ये बीफ आणि बिअर दोन्ही. हलाल हवं असेल तर गृहीत धरू नका, विचारा. आणि अ‍ॅलर्जी असेल तर लेखी कळवा. कायद्याने ठरवलेले १४ अ‍ॅलर्जन आहेत, शेंगदाणे, तीळ, मोहरी सगळं त्यात येतं, आणि कुठल्या पदार्थात काय आहे ते त्यांनी सांगणं बंधनकारक आहे. नट रोस्ट शाकाहारी म्हणून आपण पटकन मागवतो पण नावाप्रमाणे त्यात नट्स असतात, आणि बांधून येण्यासाठी अंडंही असू शकतं.

तिखट हवं असेल तर इंग्लिश मस्टर्ड मागा. अगदी थोडं घ्या, नाकात झणझणतं. बाबांना ते इतकं आवडलं की जाताना दोन बाटल्या सांगलीला नेल्या.

केक आणि औक्षण

केक बाहेरून आणायला बहुतेक पब हो म्हणतात, पण विचारा, काही ठिकाणी प्लेट आणि कापण्याचे वेगळे पैसे लावतात. आपल्या लोकांची वस्ती जिथे आहे तिथे एगलेस केकची दुकानं मिळतात, आम्ही तिथूनच घेतला. आल्या आल्या तो बारवर द्या, फ्रिजमध्ये ठेवतात. काडेपेटी मात्र आपली आणा. फुगे, बॅनर चालतात, चकाकत्या कागदाच्या टिकल्या टेबलवर पसरणं टाळा, त्या कार्पेटमधून निघता निघत नाहीत. सजवायला अर्धा तास आधी जा.

आता औक्षणाचं. आईंनी आदल्या दिवशी मला विचारलं, "अगं, तिथं निरांजन लावू देतील का? नाहीतर मी घरीच ओवाळते." मी म्हटलं, आई, मी विचारलंय. खरंच विचारलं होतं, ईमेलमध्ये दोन ओळी लिहून की आमच्यात वाढदिवसाला आई दिव्याने ओवाळते, तुपाचा छोटा दिवा असतो, दोन मिनिटांचं काम आहे, चालेल का. मॅनेजरचं उत्तर आलं, मागच्या खोलीत करा, पडद्यापासून लांब, आणि लगेच विझवा. आमच्यात औक्षणानंतर दिवा फुंकून विझवत नाहीत, म्हणून झाकण ठेवून शांत होऊ द्यायचा असं ठरवलं आणि घरून एक स्टीलची वाटी नेली.

त्या रात्री तबक काढलं, त्यात निरांजन, हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, आईंच्या बोटातली अंगठी. पूर्वेला तोंड करून बसवायचं तर फोनवर होकायंत्र लावून बघितलं, पूर्वेच्या भिंतीवर डार्टबोर्ड होता, त्याच्याकडे तोंड करून नवरा बसला. आईंनी कुंकू लावलं, अंगठी आणि सुपारी ओवाळली, मग निरांजन. त्याच वेळी एक मुलगी हातात चिप्सच्या दोन प्लेट घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली. प्लेट गरम होत्या, तिने एकदा हात बदलला, पण ओवाळणं संपेपर्यंत आत आली नाही. नंतर तिने आईंना सुपारी दाखवून विचारलं की हे काय, आणि आईंनी मराठीतच सगळं समजावून सांगितलं, मी मध्ये मध्ये इंग्लिशमध्ये सांगत होते पण त्या दोघींना माझी फार गरज नव्हती. अक्षता खाली पडतात, त्या निघायच्या आधी वेचून घ्या. आम्ही वेचल्या.

बारवर

रांग दिसत नाही पण असते. बारमागच्या माणसाला कोण आधी आलं ते बरोबर माहीत असतं, आणि त्याने चुकून तुमच्याआधी शेजारच्याला विचारलं तर तो हमखास म्हणतो, आधी हे होते. तुम्हीही तसंच म्हणा, बरं वाटतं लोकांना. नोट हलवायची नाही, टिचकी नाही, हाक नाही, नुसतं बघायचं.

राउंड म्हणजे एकाने सगळ्यांसाठी आणायचं, पुढच्या वेळी दुसऱ्याने. १७ जणांत ते जमत नाही, चार-चारचे गट आपोआप पडतात. पण कुणी तुमच्यासाठी आणलं तर पुढचं आणायला उठायचं हे विसरू नका, इथे त्याला फार महत्त्व आहे, कुणी बोलून दाखवत नाही पण लक्षात ठेवतात. तुम्हीच सगळं देणार असाल तर टॅब उघडा, कार्ड बारवर द्यायचं आणि रक्कम ठरवून सांगायची, तेवढी झाली की मला येऊन सांगा म्हणून.

पाइंट म्हणजे ५६८ मिली, आपल्या मोठ्या बाटलीच्या जवळपास, त्यामुळे सवय नसेल तर हाफ मागा. वाइन मागताना ग्लास १२५, १७५ की २५० ते विचारतात, २५० म्हणजे बाटलीचा तिसरा हिस्सा. सगळ्यात महत्त्वाचं, इथे सायडर म्हणजे सफरचंदाचा ज्यूस नाही, ती दारू आहे, बिअरइतकी किंवा जास्तच कडक. बाबा मागवणारच होते. शँडीतही बिअर असते. न पिणाऱ्यांसाठी लाइम अँड सोडा, एल्डरफ्लॉवर, जिंजर बिअर (नावात बिअर असली तरी पबातली नेहमीची सॉफ्ट ड्रिंकच असते, तरी बाटली बघून घ्या). डेझर्टलाही विचारा, ट्रायफल, तिरामिसू आणि ख्रिसमस पुडिंगमध्ये दारू असू शकते. नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यावंच लागतं, जग मागून टेबलवर ठेवा.

वय २५ च्या आत दिसत असाल तर ओळखपत्र मागतात, पासपोर्ट किंवा इथलं लायसन्स जवळ ठेवा, राग मानू नका. १६-१७ वर्षांच्या मुलांना जेवणासोबत बिअर, वाइन किंवा सायडर चालते, पण विकत मोठ्यानेच घ्यायची आणि मोठं कुणीतरी सोबत हवं. तरीही पब नाही म्हणू शकतो.

बिल आणि घरी जाणं

मोठ्या ग्रुपला बिलात बऱ्याचदा सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असतो, १०-१२.५ टक्के. तो ऐच्छिक असतो, सेवा खराब असेल तर काढायला सांगता येतं. लावला असेल तर वेगळी टिप द्यायची गरज नाही. ऑक्टोबर २०२४ पासून कायदाच आहे की टिप आणि सर्व्हिस चार्जचे सगळे पैसे कर्मचाऱ्यांनाच मिळाले पाहिजेत, त्यामुळे आम्ही तो ठेवतो. नुसतं बारवरून ड्रिंक घेताना टिप देत नाहीत, पण खूप मदत केली असेल तर ऑर्डर देताना म्हणायचं, तुमच्यासाठीही एक घ्या, म्हणजे त्यांच्या ड्रिंकचे पैसे आपण द्यायचे. त्या चिप्सवाल्या मुलीला आम्ही तसं म्हटलं.

बिल वाटून घ्यायचं असेल तर १७ कार्डं मशीनवर नकोत, एकाने भरा आणि बाकीच्यांनी त्याला तिथेच बसून ट्रान्सफर करा, घरी गेल्यावर विसरतात. उरलेल्यासाठी बॉक्स मागा, लाजू नका. रिकामे ग्लास एकत्र करून बारवर नेऊन ठेवले तर त्यांना फार आवडतं.

गाडी चालवणाऱ्याने अजिबात पिऊ नये. मर्यादा इंग्लंडमध्ये १०० मिली रक्तात ८० मिलिग्रॅम आहे, स्कॉटलंडमध्ये ५०, पण आपल्या अंगात किती झालं हे बसल्या बसल्या कळत नाही. आणि खेड्यातला पब असेल तर टॅक्सी दुपारीच बुक करून ठेवा. शनिवारी रात्री ११ ला बारची घंटा वाजून सगळे एकदम बाहेर पडतात, आणि अशा गावात टॅक्सी दोनच असतात.